चोरून झालेला शस्त्रपुरवठा सिद्ध कसा करतात?

प्रश्न असा आहे : निर्बंधांखालचा एखादा देश दुसऱ्याला, किंवा उघड वैर असलेले दोन देश एकमेकांना, गुपचूप शस्त्रं पुरवत असल्याच्या बातम्या येतात. आरोप करणारा छातीठोकपणे बोलतो, ज्याच्यावर आरोप आहे तो कानावर हात ठेवतो. मग तपास करणारे लोक नेमकं काय तपासतात आणि बाहेरच्या वाचकाने कशाला किती वजन द्यावं?

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. शस्त्र कुठे बनलं आणि ते कोणी दिलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निम्म्याहून जास्त गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो. २००६ च्या लेबनॉन युद्धात हिजबुल्लाकडे रशियन कोर्नेट रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं मिळाली. पेट्यांवर पुरवठादार म्हणून रशियातल्या तुला शहरातल्या केबीपी या संस्थेचं नाव होतं आणि ग्राहक म्हणून सीरियाच्या संरक्षण मंत्रालयाचं. म्हणजे रशियाने रीतसर सीरियाला विकलेला माल पुढे तिसऱ्याच्या हातात गेला होता. उलट प्रकारही होतो. मार्च २०१४ मध्ये इस्रायली नौदलाने तांबड्या समुद्रात ‘क्लोस सी’ हे जहाज अडवलं. त्यावर ४० एम-३०२ रॉकेटं, १८१ उखळी गोळे आणि सुमारे ४ लाख काडतुसं सिमेंटच्या पोत्यांआड ठेवलेली होती. रॉकेटं सीरियन बनावटीची, पण जहाजावर माल चढला इराणच्या बंदर अब्बासमध्ये. इथे नुसता कारखाना शोधत बसलं असतं तर पाठवणारा सुटला असता.

म्हणून आरोप समोर आला की त्याचे पाच तुकडे करायचे : वस्तू काय, कोणी बनवली, कधी बनवली, कोणत्या वाटेने गेली आणि शेवटी कोणाच्या ताब्यात आली. बातमीत सहसा एखाद-दुसऱ्याचंच उत्तर असतं. या पाचांत ‘कधी’ला मी सर्वांत वरचं स्थान देतो, कारण आरोपी देशाचे ठरलेले बचाव (जुना साठा होता, लढाईत हाती लागला, बंदीच्या आधी विकला होता) तारखेवरच टिकतात किंवा कोसळतात.

तारीख मिळते प्रत्यक्ष अवशेषांवरून. सोव्हिएत परंपरेच्या काडतुसाच्या बुडाला दोन आकडे ठोकलेले असतात, एक कारखान्याचा आणि एक वर्षाचा. १७ म्हणजे बार्नाउल, ६० म्हणजे आजचं बिश्केक, १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, २७० म्हणजे लुहान्स्क. तोफगोळ्यावर रंगाने छापलेला मजकूर असतो, त्यात लॉट, वर्ष आणि कारखाना असा क्रम सापडतो. पण रंगाच्या छाप्यावर फार विसंबू नये. तो पुसता येतो, वरून दुसरा रंग मारता येतो, खोटं वर्ष छापता येतं. धातूत ठोकलेली किंवा ओतकामातच उमटलेली खूण बदलणं त्याहून कितीतरी अवघड. म्हणून आधी फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ), मग गोळ्याचा धातू आणि शेवटी रंग, असा विश्वासाचा क्रम लावतात.

क्षेपणास्त्र किंवा ड्रोन असेल तर आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांकडे जावं लागतं. बहुतेक चिपांवर चार आकड्यांचा तारीख-संकेत असतो : पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. २१४८ म्हणजे २०२१ सालचा ४८ वा आठवडा. सगळ्या भागांतला सर्वांत ताजा संकेत शोधला की जोडणी त्याआधी झालेली असूच शकत नाही, एवढं ठाम सांगता येतं. इथे एक चूक नेहमी होते. लोक संकेतांची सरासरी काढतात किंवा जुने संकेत दाखवून ‘हे तर जुनं शस्त्र’ म्हणतात. जुने भाग कपाटात पडून राहतात आणि पाच वर्षांनीही वापरले जातात, म्हणून जुना संकेत काहीच सिद्ध करत नाही. जो काही निष्कर्ष निघतो तो एकट्या ताज्या संकेतावरून.

याचं आजवरचं सर्वांत स्वच्छ उदाहरण युक्रेनमधल्या खार्किव शहराचं आहे. २ जानेवारी २०२४ रोजी रशियाच्या हल्ल्यात तिथे पडलेल्या क्षेपणास्त्राचे अवशेष ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ या संस्थेच्या पथकाने तपासले. इंजिनाच्या बोल्टांची मांडणी, झोताची दिशा वळवणाऱ्या पात्यांची यंत्रणा आणि एकूण व्यास उत्तर कोरियाच्या नव्या घन-इंधनी क्षेपणास्त्रांशी जुळत होते. एका भागावर हाताने लिहिलेलं कोरियन लिपीतलं अक्षर होतं आणि दुसरीकडे ‘११२’ हा आकडा. उत्तर कोरियाची जुचे कालगणना १९१२ पासून सुरू होते, त्यामुळे ११२ वं वर्ष म्हणजे २०२३. आकड्याचा हा अर्थ एकट्याने टिकला नसता. पण दिशानियंत्रण यंत्रणेतल्या २९० हून जास्त भागांच्या नोंदी घेतल्यावर तारीख-संकेतांवरूनही हेच निघालं की जोडणी मार्च २०२३ च्या आधीची असू शकत नाही. उत्तर कोरियाकडून शस्त्रं घ्यायला सुरक्षा परिषदेच्या २००६ च्या १७१८ क्रमांकाच्या ठरावापासून बंदी घालायला सुरुवात झाली आणि पुढच्या ठरावांनी ती घट्ट केली. त्यामुळे ‘बंदीच्या आधीचा माल’ ही सबब तिथेच संपली. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवतात तेव्हा पुराव्याला खरी ताकद येते.

त्याच तपासातला दुसरा मुद्दा मथळ्यांनी भलताच वापरला. भागांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त अमेरिकेत नोंदणी असलेल्या कंपन्यांशी जोडलेले निघाले. याचा अर्थ अमेरिकी कंपनीने उत्तर कोरियाला माल विकला असा होत नाही. बाजारात सहज मिळणारे साधे भाग वितरकांच्या चार-पाच हातांतून फिरतात. उत्पादकाला क्रमांक देऊन विचारलं तर पहिला वितरक कळतो. त्यानंतरची साखळी त्या वितरकाच्या वह्यांवर अवलंबून असते आणि बहुधा तिथेच तुटते.

येमेनची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या हुथी बंडखोरांनी २०१७ मध्ये सौदी अरेबियावर डागलेल्या क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाला एका यांत्रिक भागावर इराणच्या शहीद बाघेरी या औद्योगिक गटाच्या बोधचिन्हासारखी खूण मिळाली. शिवाय क्षेपणास्त्राचं अंग तुकड्यांत आणून नंतर जोडल्याच्या वेल्डिंगच्या खुणा. मंडळाने जानेवारी २०१८ च्या अहवालात क्षेपणास्त्रं इराणी मूळाची आहेत असं म्हटलं आणि हुथींना शस्त्रं देण्यावर बंदी घालणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२१६ क्रमांकाच्या ठरावानुसार असा पुरवठा रोखण्यासाठी आवश्यक पावलं इराणने उचलली नाहीत असं नोंदवलं. ‘इराणने पाठवली’ असं मात्र सरळ म्हटलं नाही. शब्द किती तोलून वापरलेत बघा. मूळ सिद्ध झालं होतं, हस्तांतर करणारा हात दिसला नव्हता. अहवाल वाचताना असे तोललेले शब्दच शोधायचे, कारण पुढे वर्तमानपत्रात ते गळून पडतात.

अवशेष हाताळताना काय बिघडतं तेही सांगतो. भाग उचलून स्वच्छ केला की मातीबरोबर पेन्सिलीच्या आणि शाईच्या खुणा जातात. एकाच बाजूचा फोटो काढला तर खोटेपणाचा आरोप झाल्यावर उत्तर उरत नाही. सहाही बाजू, शेजारी मोजपट्टी, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि कोरलेल्या खुणांसाठी बाजूने तिरपा प्रकाश एवढं किमान लागतं. समोरून फ्लॅश मारला की उथळ कोरीव अक्षरं सपाट दिसतात. भाग कोणी उचलला, कोणाकडे दिला, कधी दिला याची सलग नोंद नसेल तर वस्तू अस्सल असूनही न्यायालयात तिची किंमत शून्य. आणि हे काम स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकानंतरच करायचं. द्रव इंधनाच्या क्षेपणास्त्रांत नायट्रिक आम्लावर आधारलेला ऑक्सिडायझर असू शकतो, त्याची वाफही फुप्फुसं जाळते.

आता वाट. समुद्रमार्गे मोठा माल जातो, म्हणून जहाजाची ओळख आधी. जहाजाचं नाव, झेंडा, नऊ आकडी रेडिओ-ओळख हे सगळं बदलता येतं. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक मात्र बांधणीपासून भंगारापर्यंत तोच राहतो. तो सात आकडी असतो आणि घरबसल्या तपासता येतो : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या : ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४, बेरीज १३९, शेवटचा ९, म्हणजे जुळला. न जुळणारा क्रमांक हमखास बनावट किंवा चुकीचा टंकलेला. जुळणारा मात्र खरा असेलच असं नाही, कारण भंगारात गेलेल्या जहाजाचा अस्सल क्रमांक दुसऱ्याने पांघरल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा उपग्रहचित्रातून लांबी, मालखान्यांच्या झाकणांची संख्या आणि क्रेनची जागा नोंदणीतल्या वर्णनाशी ताडून बघतात. क्रेन रंगवता येते, हलवता सहसा येत नाही.

जहाजाचा एआयएस, म्हणजे आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगत राहणारं यंत्र, आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना सक्तीचं आहे. चालत्या जहाजाचा संदेश दर २ ते १० सेकंदांनी निघतो, नांगरलेल्याचा दर ३ मिनिटांनी. तो मध्येच थांबला की ‘जहाज अंधारात गेलं’ असा गवगवा होतो. पण अंधार तीन कारणांनी पडतो. जहाज किनाऱ्यावरच्या रिसीव्हरच्या टापूबाहेर गेलं, गजबजलेल्या समुद्रात उपग्रहाला संदेशांच्या गर्दीत हा ऐकू आला नाही, किंवा खरंच बटण बंद केलं. चाचेगिरीच्या भीतीने कप्तानाने यंत्र बंद ठेवणं नियमांतही बसतं. म्हणून नुसता खंड बघू नका, खंडाच्या दोन टोकांची तुलना करा. शेवटचा आणि पुढचा ठावठिकाणा यांतलं अंतर जहाजाच्या नेहमीच्या वेगाने किती तासांत कापलं जाईल आणि प्रत्यक्षात किती लागले? तीस तासांची वाट असेल आणि शंभर तास गेले असतील, तर सत्तर तासांचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा. त्याच पाण्यात त्याच वेळी इतर जहाजांचे संदेश नीट येत होते का, हेही बघा. जहाज पाण्यात किती बुडालंय, म्हणजे माल किती भरलाय, यासाठी एआयएसवर येणारा आकडा लोक फार भरवशाने वापरतात, पण तो खलाशी हाताने भरतात. आळसाने तो महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि चोराला तर तो बदलायची गरजच नसते.

एआयएसचा खंड अधिक रात्रीचं सामान चढवणं म्हणजे शस्त्रं, या समीकरणाने केवढी फसगत होते त्यासाठी ‘लेडी आर’चं प्रकरण वाचावं. अमेरिकी निर्बंधांखालचं हे रशियन जहाज डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सायमन्स टाउन नौदल तळावर आलं. यंत्र बंद, रात्री सामानाची हालचाल, आजूबाजूला सशस्त्र पहारा. मे २०२३ मध्ये अमेरिकी राजदूतांनी जाहीरपणे सांगितलं की यातून रशियाला शस्त्रं गेली. दक्षिण आफ्रिकेचं चलन रँड घसरलं. निवृत्त न्यायाधीश फिनियस मोजापेलो यांच्या समितीने मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष दिला की जहाजाने दक्षिण आफ्रिकी सैन्याने २०१८ मध्ये मागवलेला माल उतरवला, आणि रशियासाठी शस्त्रं चढवल्याचा पुरावा मिळाला नाही. समितीचा पूर्ण अहवाल गुप्त ठेवला गेला आणि अमेरिकेनेही आपला पुरावा जाहीर केला नाही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आजही आपापलंच खरं मानतात. तपासणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवायचं : पेट्या हलताना दिसल्या तर त्या चढत होत्या की उतरत होत्या, हे रात्रीच्या लांबून घेतलेल्या चित्रावरून कळत नाही.

उपग्रहचित्रांबद्दल अवास्तव अपेक्षा असतात. २० फुटी कंटेनर ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे अख्खा कंटेनर एका ठिपक्याएवढाही होत नाही. तिथे फक्त धक्क्यावर रंगाचा मोठा पट्टा आला किंवा गेला एवढं दिसतं. ३ मीटरच्या व्यापारी चित्रात कंटेनरांच्या थप्प्या कळतात. मोजणी करायची तर ३० सेंटिमीटरचं चित्र लागतं, त्यात कंटेनर साधारण २० बाय ८ ठिपक्यांचा येतो. ढग असतील तर ढगांपलीकडचं दाखवणारं रडार-चित्र लागतं. शिवाय हे उपग्रह रोज जवळपास ठरलेल्या स्थानिक वेळी वरून जातात आणि ती वेळ माल चढवणाऱ्यालाही माहीत असते. धक्क्यावर अचानक पत्र्याचं लांब छप्पर उभं राहिलं तर त्याची तारीख टिपून ठेवावी.

एकाच चित्रापेक्षा साखळी महत्त्वाची. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेने जाहीर केलेल्या चित्रांत तीन ठिकाणं होती : उत्तर कोरियाचं राजिन बंदर, तिथून ‘अंगारा’ या रशियन झेंड्याच्या जहाजाने रशियाच्या अतिपूर्वेतलं दुनाय, आणि तिथून रेल्वेने तिखोरेत्स्क इथला दारूगोळा डेपो. ७ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात सुमारे ३०० कंटेनर एकाच वाटेने गेले, असा दावा होता. यात सर्वांत बोलका भाग मला डेपोचा वाटतो. कंटेनरात भाजी असो की बॉम्ब, बाहेरून तो सारखाच. पण भोवती मातीचे बांध घातलेले खड्डे नव्याने खणले जातात आणि कंटेनर नेमके तिथेच जाऊन थांबतात, तेव्हा आत काय असावं याचा अंदाज मालकाच्या वागण्यावरूनच येतो.

संख्येचा प्रश्न आला की बोलणाऱ्यांचं भान सुटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की सुमारे ६,७०० कंटेनर गेले असावेत, आणि त्यांत १५२ मिमीचे ३० लाखांहून जास्त गोळे किंवा १२२ मिमीची ५ लाखांहून जास्त रॉकेटं मावू शकतात. मथळ्यांत फक्त ‘३० लाख गोळे’ उरले. स्वतः भागाकार करा. एका कंटेनरमागे साधारण ४५० गोळे येतात. एक गोळा ४३.५ किलोचा, म्हणजे नुसत्या गोळ्यांचं वजन १९.६ टन. ते २० फुटी कंटेनरात बसतं. पण तोफेला नुसता गोळा पुरत नाही. दारूचा चार्ज, त्याची केस आणि लाकडी पेटी धरली की एका गोळ्यामागचं वजन दीडपट तरी होतं, तेव्हा एकूण २९ टनांवर जातं आणि कंटेनरची मर्यादा सुमारे २८ टनांची आहे. तेव्हा ३० लाख ही फार तर वरची कड. रॉकेटांचं गणित आणखी मजेशीर. कंटेनरमागे ७५ रॉकेटं, प्रत्येकी ६६ किलो, म्हणजे जेमतेम ५ टन. इथे वजन आड येत नाही, लांबी येते. १२२ मिमीचं हे ‘ग्रॅड’ रॉकेट २.८७ मीटर लांब, कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर. पेटीची जाडी धरून लांबीत दोन रांगा बसतात की एकच, एवढ्यावर आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. मंत्र्यांचं विधान चुकीचं नव्हतं, ‘मावू शकतात’ असंच त्यात होतं. क्षमतेचा आकडा मालाचा आकडा म्हणून खपवला गेला, एवढंच.

कागदपत्रांवर फारसा वेळ घालवू नका असं मी म्हणणार होतो, पण पकडलेल्या मालाच्या बहुतेक प्रकरणांत पहिला संशय कागदांवरूनच आलेला असतो. चोराचा कागद वाचायची रीत अशी : मालाचं वर्णन, वजन, वाट आणि घेणारा या चार गोष्टी एकमेकींशी बोलतात का ते बघायचं. जून १९९९ मध्ये कांडला बंदरात उत्तर कोरियाच्या ‘कु वोल सान’ जहाजावर क्षेपणास्त्रांचे सुटे भाग सापडले, कागदावर पाणी शुद्धीकरणाची यंत्रसामग्री होती. माल पाकिस्तानला जायचा होता की लिबियाला, यावर नंतर बराच वाद झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच बंदरात चीनहून कराचीकडे निघालेल्या जहाजावर औद्योगिक ड्रायर म्हणून नोंदवलेला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब आणि उष्णता देणारी बंद भट्टी, अडवला गेला. मोठा ऑटोक्लेव्ह घन-इंधन मोटारीच्या आवरणासाठी लागतो. जानेवारी २०२४ मध्ये न्हावाशेवा इथे २२ टनांची सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, यंत्रसामग्री थांबवली गेली. मालवाहतुकीच्या कागदावरचा पाठवणारा आणि घेणारा वेगळे, प्रत्यक्षातले वेगळे, असं तपासात निघालं. पाकिस्तानचं म्हणणं होतं की ते मोटारीचे भाग बनवणारं साधं लेथ यंत्र आहे. दुहेरी वापराच्या वस्तूंत हा वाद कधीच पूर्ण मिटत नाही. तिथे यंत्राच्या अचूकतेचा तांत्रिक तपशील आणि शेवटचा वापरकर्ता या दोनच गोष्टी बोलतात.

अर्थशास्त्रही चोराला उघडं पाडतं. ऑगस्ट २०१६ मध्ये इजिप्तने अडवलेल्या ‘जी शुन’ जहाजावर २,३०० टन लिमोनाइट, म्हणजे हलक्या प्रतीचं लोहखनिज होतं. इतका स्वस्त माल उत्तर कोरियातून सुएझपर्यंत आणण्यात भाडंही निघत नाही. खनिजाखाली ३०,००० हून जास्त पीजी-७ रॉकेट-ग्रेनेड निघाले, पेट्यांची नोंद पाण्याखालच्या पंपाचे सुटे भाग अशी होती. पुढे असंही वृत्त आलं की माल मागवणारे इजिप्तमधलेच होते. हवाई वाहतुकीत हेच काम कागदी कंपन्या करतात. डिसेंबर २००९ मध्ये बँकॉकला उतरलेल्या इल-७६ या मालवाहू विमानात प्योंगयांगहून आलेली ३५ टन शस्त्रं तेल उद्योगाचे सुटे भाग म्हणून नोंदली होती. विमानाची नोंदणी जॉर्जियाची, भाडेकरू न्यूझीलंडची नावापुरती कंपनी, चार्टर करणारी हाँगकाँगची, वैमानिक-कर्मचारी कझाकस्तान आणि बेलारूसचे. एका फेरीसाठी इतके देश लागत असतील तर कोणीतरी जबाबदारीचे तुकडे करून वाटले आहेत असं समजावं.

कागद हाती आला म्हणून भारावून जायचंही कारण नाही. नायजरकडून इराकने युरेनियम घेतल्याचा करार म्हणून फिरवलेली पत्रं बनावट असल्याचं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितलं. एका पत्रावरची सही ज्या मंत्र्याची होती तो त्या तारखेच्या दहाएक वर्षं आधीच पदावरून गेला होता. ‘ध’चा ‘मा’ करणारे शब्द जपून लिहितात, पण पदनाम, शिक्का आणि तारखेचा मेळ घालताना घसरतात. आधी तेच तपासावं.

वैर आहे म्हणून व्यवहार अशक्य, हे तर मुळीच गृहीत धरू नका. जुलै १९८१ मध्ये तेहरानहून परतणारं एक अर्जेंटिनी मालवाहू विमान सोव्हिएत हद्दीत भरकटून कोसळलं, आणि इस्रायलकडून इराणला शस्त्रं जातात हे जगाला कळलं. १९८५-८६ मध्ये अमेरिकेनेच आधी इस्रायलमार्फत आणि मग थेट इराणला टो ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं दिली, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये बैरूतच्या एका नियतकालिकाने ते फोडेपर्यंत दोन्ही सरकारं एकमेकांना शिव्या देत होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये पाठवलेल्या १८ हॉक या विमानविरोधी क्षेपणास्त्रांवर इस्रायली खुणा तशाच राहिल्या होत्या. इराण्यांनी त्यातली बहुतेक परत केली. इतकी गुप्त योजना, आणि रंगाचा एक हात मारायला कोणाला सुचलं नाही.

नकारही वाचता आला पाहिजे. सपाट इन्कार, मग ‘थोडं दिलं होतं पण आधी’, मग ‘दुरुस्तीला पाठवलं होतं’ अशा पायऱ्या असतात. युक्रेनमध्ये इराणी ड्रोन सापडल्यावर महिनोन्‌महिने इन्कार झाला आणि ५ नोव्हेंबर २०२२ रोजी इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांनी युद्धाच्या काही महिने आधी थोडे ड्रोन दिल्याचं मान्य केलं. अशा कबुलीने तपास सोपा होतो, कारण आता तारखेचा दावा हाती आला आणि तो भागांवरच्या संकेतांशी ताडता येतो. जुलै २०१३ मध्ये पनामाने उत्तर कोरियाचं ‘चोंग चोन गांग’ जहाज अडवलं. क्युबाहून निघालेल्या साखरेच्या दोन लाखांहून जास्त पोत्यांखाली २५ कंटेनर, दोन मिग-२१ विमानं, १५ इंजिनं आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे भाग होते. क्युबाचं म्हणणं, २४० टनांचा जुना माल दुरुस्त होऊन परत येणार होता. संयुक्त राष्ट्रांच्या उत्तर कोरियाविषयीच्या तज्ज्ञमंडळाने ते मुळातच बाद ठरवलं, कारण दुरुस्ती-देखभालही बंदीत येते. शिवाय प्रामाणिक दुरुस्तीचा माल साखरेखाली पुरत नाहीत.

गुप्त आणि बेकायदेशीर यांतला फरक विसरला की हात पोळतात. डिसेंबर २००२ मध्ये स्पॅनिश नौदलाने ‘सो सान’ जहाज अडवलं. सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं होती, पण येमेनने ती आपण विकत घेतल्याचं सांगितलं. ती जप्त करायला आंतरराष्ट्रीय कायद्यात आधार मिळाला नाही आणि दोन दिवसांत जहाज सोडून द्यावं लागलं. म्हणून तपासाच्या टिपणात पहिल्याच पानावर कोणता ठराव, कोणतं कलम आणि त्या तारखेला ते लागू होतं का, हे लिहिलेलं असावं.

जप्तीनंतरची हेळसांड तर जिवावर बेतते. २००९ च्या सुरुवातीला इराणहून सीरियाला निघालेल्या ‘मोन्चेगोर्स्क’ जहाजावरचे ९८ कंटेनर सायप्रसने उतरवून घेतले आणि एका नौदल तळावर उघड्यावर रचून ठेवले. दोन वर्षांहून जास्त काळ दारूगोळा उन्हात तापत राहिला. ११ जुलै २०११ रोजी स्फोट झाला, १३ जण गेले आणि शेजारचं वासिलिकोसचं वीजकेंद्र निकामी झालं. पुरावा म्हणून सगळा साठा ठेवायची गरज नसते. प्रत्येक लॉटचे नमुने, खुणांचे फोटो आणि वजनाची नोंद घेऊन बाकीचा माल लवकर नष्ट करता येतो. राजकीय निर्णय लांबतो म्हणून दारूगोळा थांबत नाही.

आता अशी माहिती कुठे बघायची? उत्तर कोरियाबाबत १५ वर्षं काम करणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञमंडळ रशियाच्या मार्च २०२४ च्या नकाराधिकारामुळे ३० एप्रिल २०२४ रोजी बंद झालं. त्याचे जुने अहवाल परिशिष्टांसह वाचण्यासारखे आहेत. त्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका, दक्षिण कोरिया, जपान यांच्यासह ११ देशांनी स्वतःचं निरीक्षण पथक उभं केलं आणि त्याचा पहिला अहवाल मे २०२५ मध्ये आला. जुन्या मंडळात रशिया आणि चीनचे सदस्यही असत, त्यामुळे तिथे एकमताने उतरलेल्या वाक्याला वेगळं वजन होतं. नव्या पथकात सगळे एकाच बाजूचे. त्यामुळे त्याचे निष्कर्ष बाजूला ठेवून आधी फोटो, खुणा, जहाजांचे आयएमओ क्रमांक आणि तारखा यांचे तक्ते उघडावेत, आणि जिथे ‘एका सदस्य देशाच्या माहितीनुसार’ असं लिहिलंय त्या वाक्यावर वेगळी खूण करून ठेवावी.